बसने आलेला बस्ता

प्रिय अर्हम,

फोनवर लिहिलं असतं तर तू नुसतं 'हं' पाठवलं असतंस आणि विषय संपला असता. म्हणून कागद. अक्षराला हसू नकोस, बारावीनंतर पहिल्यांदाच सलग एवढं लिहितोय आणि बारावीत मी काय दिवे लावले ते तुला ठाऊक आहे.

तर, मी जळगावातच आहे आणि नोकरीला आहे. सुरत झालं, नाशिक झालं, धुळ्यात तुझ्या खोलीवर दोन महिने फुकट पडून राहणंही झालं. आता आपल्याच पेठेत उभा राहून माणसं मोजतो. पेठेतल्या गाड्या बंद करायच्या, नुसती पायी माणसं आणि लहान बस सोडायची, असा आराखडा करणारी मंडळी आली आहेत. ज्योत्स्ना मॅडम त्यांच्या मुख्य. त्यांनी माझ्या हातात खटक्याचं यंत्र दिलं, माणूस गेला की दाबायचं. पहिल्याच दिवशी एक जण केळीचे वेफर्स तळत होता, सरळ कढईत चकत्या सोडत होता, ते बघण्यात मी असा गुंतलो की बावीस मिनिटं पेठेतून कोणीच गेलं नाही अशी नोंद झाली. मॅडमनी शांतपणे विचारलं, संचारबंदी लागली होती का म्हणून.

पण एक शोध मात्र माझा. दुकानदार म्हणत होते, गाड्या बंद केल्या तर गिऱ्हाईक गाडी कुठे लावेल? मी सकाळपासून नंबर लिहून काढले. सत्तर गाड्यांतल्या एकावन्न दुकानदारांच्या आणि त्यांच्या माणसांच्याच, दिवसभर जागच्या न हललेल्या. यादीत पहिली स्कूटर मिश्रीलाल काकांची. रागावू नकोस, तुझे वडील म्हणून वगळता येत नव्हती.

ठरलं असं होतं की आठ दिवस करून बघायचं आणि नवव्या दिवशी दुकानदारांनी सह्या द्यायच्या. सगळे काकांच्या तोंडाकडे बघणार, आणि काका नाही म्हणून बसलेले. का, ते मॅडमना कळत नव्हतं. मला कळत होतं. तू हायवेला दुकान काढू म्हणालास, पेठेत गाडीच लागत नाही तर इथे कोण मरायला येणार म्हणालास. ते हलले नाहीत आणि तू धुळ्याला निघून गेलास. चार वर्षं झाली. आता गाड्याच बंद झाल्या आणि गिऱ्हाईक आटलं, तर तुझं बोलणं खरं ठरणार. दुकान बसण्यापेक्षा त्यांना त्याचीच भीती जास्त होती, असं मला वाटतं. त्यात बसचा थांबा आला नेमका तुमच्या ओट्यासमोर. पाच दिवस काका बसकडे पाठ करून बसले.

सहाव्या दिवशी आमचा बस्ता होता, चुलत बहिणीच्या लग्नाचा. तीन पिढ्या आमचे बस्ते तुमच्याकडेच. रस्ता बंद आहे हे असोद्याच्या आमच्या नातेवाइकांना कळवायचं काम माझं आणि ते मी विसरलो. (कारण लिहीत नाही, त्यात नशिराबादचा एक मित्र आणि एक माकड आहे.) सव्वीस माणसांची गाडी कोपऱ्यावर अडवली. नवरीच्या बापाने, म्हणजे माझ्या सख्ख्या काकाने, फोनवर मला जे सुनावलं ते कागदावर उतरत नाही. शेवटी म्हणाला, आम्ही चाललो हायवेच्या दुकानात, तिथे गाडी लावायला मैदान आहे. आमच्या काकाचा आवाज तुला माहीत आहे, फोनबाहेर दहा हात जातो. मी तुमच्या ओट्यापाशी उभा. तुझ्या वडिलांनी ऐकलं. समोरचा घडी केलेला शालू उलगडून पुन्हा घडी घालायला लागले. अर्हम, मला तेव्हा पळून जावंसं वाटलं, आणि पळण्यात मी पटाईत आहे.

सुटका केली इंदिरा आत्याने. तिचे गुडघे गेलेत, मोटारसायकलींच्या गर्दीची धास्ती. दहा वर्षं ती बस्त्याला आली नव्हती, साड्या घरी फोटोत बघून मान हलवायची. या खेपेला ती गाडीतच बसून राहणार होती. पण पुढ्यात छोटी बस उभी, तिची पायरी फुटपाथाला टेकलेली. आत्या सगळ्यांच्या आधी चढून बसली. तिच्यामागे पंचवीस जणांना जावंच लागलं. बस ओट्यासमोर थांबली आणि अख्खं असोदं उतरलं. मिश्रीलाल काका उभे राहिले. आत्याने गादीवर बसून पाणीसुद्धा मागितलं नाही, म्हणाली, "शेठ, तुम्ही म्हातारे झाले, पन तुमचे भाव काही म्हातारे होत नाही."

चार तास घासाघीस चालली. काकांना मी इतकं हसताना तुझ्या दहावीच्या निकालानंतर पाहिलं नव्हतं. जाताना आत्याने बजावलं की पुढच्या बस्त्यालाही ती याच बसने येणार, तेव्हा बस जागेवर असू द्या.

नवव्या दिवशी पहिली सही काकांची. मॅडम पेढे घेऊन आल्या, मी चार खाल्ले. नंतर काकांनी मला आत बोलावलं. मला वाटलं, स्कूटरवरून झापणार. त्यांनी कापड मापायला घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "धुळ्याची गाडी स्टँडला साडेअकराला लागते. तिथून पेठेची बस दर दहा मिनिटांनी आहे. दारात उतरवते. लिहून कळव त्याला." कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. मी कागद आणायला गेलो.

तुझाच, आणि अजून नोकरीत टिकून असलेला,
नीलेश