आपांच्या चांदीच्या खोळी

३ फेब्रुवारी १९४९, औरंगाबाद
तहसीलदार चहाला. मोठ्या भावजींनी रझिया आपांच्या खोळी बाहेर काढायला लावल्या. सहा. रशियाच्या, चांदीच्या, धरायला मूठ, वर निळं मिनाकाम. आत चहाचा काचेचा पेला बसतो, हात भाजत नाही. पोलीस अ‍ॅक्शननंतर शेजार सोडून खुलताबादेला जाताना आपांनी माझ्याच हाती दिल्या होत्या. "संभालके रखना, दुल्हन." भावजी तहसीलदारांना म्हणाले, "हैदराबादेहून मागवल्या." दाराआड उभी राहून ऐकलं.

७ फेब्रु.
भावजींनी खोळींवर स्वतःचं नाव घालून आणलं! सहाही. ठोकताना एकीचा मिना उडालाय. शी.
ह्यांना म्हटलं, परत देऊ. "दादापुढं मी काय बोलू?" म्हणाले, आणि पान लावत बसले. त्या रंगलेल्या तोंडाकडं बघवेना.

१२ फेब्रु.
आपा खोळी न्यायला आल्या. बुरखा धुळीनं भरलेला. "अब्बा की निशानी है, भाईसाब."
भावजी: "कसल्या खोळी? त्या गडबडीत कुणी काय नेलं, आम्हाला काय ठाऊक?"
आपा माझ्याकडं वळल्या. "दुल्हन, तुम बोलो."
मी चुलीकडं वळले. सासूबाईंनी पाणी दिलं तेही वरून, ओंजळीत. आपा न पिताच गेल्या.

१३ फेब्रु.
जेवण गेलं नाही. ह्या बाईनं मला उर्दू शिकवलं, टायफॉइडमध्ये उशाशी बसली. भावजींची किळस येते, पण स्वतःची लई जास्त.

१७ फेब्रु.
भावजी पैठणला गेलेत. खोळी पिशवीत घातल्या, मोटारीनं खुलताबाद. एकटी, पहिल्यांदाच. आपा दर्ग्यामागं एका खोलीत. एकेक खोळ पदरानं पुसली. आपांना उर्दूच तेवढं वाचता येतं. मग भावजींच्या नावावर बोट ठेवून, "ये क्या लिखा है?"
मी म्हटलं, "सोनार की निशानी."
खरं सांगायला जीभ रेटली नाही. आपांनी डोक्यावरून हात फिरवला. तो हात नको झाला.

१९ फेब्रु.
भावजी आले, कपाट उघडलं, खोळी नाहीत. मी सरळ सांगितलं, ज्यांच्या होत्या त्यांना दिल्या. सासूबाईंनी कपाळ बडवलं. भावजी ओरडले नाहीत, हसले. "चोरीची फिर्याद देतो. नाव माझंच हाय त्याच्यावर." उद्या शिपाई खुलताबादेला जाणार म्हणे.
हे माजघरात आले, हळूच विचारलं, "फौजदारापुढं बोलशील?"
"व्हय. तुम्ही याल?"
दोरीवरची टोपी काढून नुसती हातात फिरवत बसलेत.