लेंडीचा परवाना

अवसरी बुद्रुक,
एप्रिल १९५३

आदरणीय दिलावर मामूंच्या सेवेशी,

भाचा इस्माईलचा अदबीने सलाम. आपली दाढ आता गप्प बसली असेल आणि मामीजान जिना पुन्हा चढू लागल्या असतील अशी आशा आहे. (गेल्या पत्रात आपण दाढेवरच दोन पाने लिहिली होती, म्हणून आधी तिची खुशाली विचारली. राग नसावा.) आम्ही सगळे ठीक. आपली भाचेसून हसीना आपल्याला सलाम सांगते आणि जुन्नरहून पाठवलेला सुरमा संपला असेही सांगते.

मामू, मोठी माणसे फक्त मुंबईला असतात असे मी आजवर समजत होतो. पण आपल्या गल्लीतच, कापसाच्या ढिगाआड एक बसलेला आहे. आपले पीरमहंमद चाचा पिंजारी! त्यांना कुणीतरी मुंबईचे एक पातळसे मासिक वाचायला दिले. त्यात लिहिले होते की सरकारने चोर पकडावेत, बाकी माणसांच्या देण्याघेण्यात पडू नये. चाचांनी ते वाचले, कापूस पिंजायची धनुकली खाली ठेवली आणि त्या दिवसापासून ते बदललेच. कांदेवाले चांगदेवराव, चाचा आणि मी, असे तिघांचे 'मोकळा व्यवहार मंडळ' निघाले. हेतू एकच, तालुक्याच्या शिवेवरचा धान्याचा नाका उठवायचा. ज्वारी-बाजरी इकडून तिकडे न्यायला जो परवाना लागतो, तो बंद करायचा.

हेतूवर आमचे कधी भांडण झाले नाही. भांडण झाले ते रस्त्यावरून. चांगदेवरावांचे म्हणणे, आज थोडी सूट मागू, उद्या आणखी थोडी, एक दिवस नाक्यात काही उरणारच नाही. चाचांचे म्हणणे, सूट मागितली की अडवण्याचा हक्क मान्य केला. ("आज धनगराला सोडलं, म्हंजी बाकीच्यांना धरायला त्येंना मोकळीक दिली!" असे म्हणून ते कापसावर असा तडाखा देत की माझ्या चहात कापूस पडे.) मी दोघांचेही ऐकून दोन्ही वेळा मान डोलावत असे. एवढे पटवून बोलणारी माणसे समोर असली की माझे असेच होते.

आणि अशात सोमाजी धनगर अडकला. त्याची मेंढरे आमच्या शिवारात रानोरान बसली होती. आपल्याला ठाऊकच आहे, मेंढरे रात्रभर रानात बसवली की खत पडते आणि शेतकरी मजुरी म्हणून धान्य घालतो. तशी मिळालेली बाजरी घोड्यावर लादून तो पलीकडे घरी निघाला. घरी त्याची बानूबाई आणि पोरे पीठ संपवून वाट बघत होती. नाक्यावरच्या सयाजी कारकुनाने पोते उतरवून घेतले.

मंडळ धावले. चांगदेवराव म्हणाले, मेंढपाळांच्या मजुरीपुरती सूट मागू. चाचा म्हणाले, पोते मागायचे नाही, नाकाच उचला म्हणायचे. दोघे नाक्यासमोर जे जुंपले ते अंधार पडला तरी थांबेनात. सोमाजी बिचारा एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या. मेंढरांकडे कुणाचेच लक्ष नव्हते. ती आपली चालत जाऊन शेजारच्या नांगरलेल्या रानात बसली. रान सयाजीचेच होते.

सकाळी सयाजी रान बघायला गेला आणि बघतच राहिला. कारकून झाला तरी शेतकऱ्याचा पोर! चेहरा असा खुलला की नोकरी विसरला. तेवढ्यात चाचा पुढे झाले. दाढीत कापूस, डोळे तांबारलेले. आणि त्यांनी विचारले, "काय राव, रातभर तुमच्या रानात लेंडी पडली, तिचा परवाना कुणी काढला व्हता?"

मामू, माझ्या अंगावर काटा आला. असा प्रश्न मी जन्मात ऐकला नव्हता. सयाजीची मान खाली गेली. तो पुटपुटला, "न्हाई ओ चाचा. मजुरी देणं लागतो मी." खुद्द नाक्याने मान खाली घातलेली मी या डोळ्यांनी पाहिली.

पण चांगदेवरावही काही कमी नाहीत. ते ताबडतोब दोघांच्या मध्ये शिरले. सयाजीचे घर शिवेपलीकडे आणि सासुरवाडी अलीकडे पेठ गावात. मग ठरले असे की सोमाजीने पोते त्या सासुरवाडीत टाकावे आणि तेवढीच बाजरी सयाजीच्या घरून पलीकडे उचलावी. दाणाही शीव ओलांडत नाही, कायदाही मोडत नाही. रात्रीच्या खताबद्दल सयाजीने वर पायलीभर घातली. त्या संध्याकाळी बानूबाईची चूल पेटली.

आता सगळे धनगर तसेच करतात आणि बदल्यात एक रात्र मेंढरे सयाजीच्या रानात बसवतात. ओझे वाचते, सयाजीचे रान तर लोण्यासारखे झाले आहे. चांगदेवरावांचा सत्कार झाला. चाचा आले नाहीत. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "इस्माईल, काल त्यो नाका नुसता आडवा व्हता. आज त्यो लोकांना हवासा झालाय. आता त्यो कोण उठवनार?" मी गंमत समजून हसलो.

गेल्या आठवड्यात बातमी आली की सरकार आपणहून नाका उठवणार आहे, सयाजीची बदली होणार आहे, म्हणजे ही अदलाबदलही बंद. मंडळाची बैठक भरली आणि ठराव झाला, नाका राहू द्यावा! चांगदेवराव बाजूने, चाचा विरुद्ध आणि निर्णायक मत माझे. समोर धनगर बसले होते, सोमाजी हात जोडून होता. मी चांगदेवरावांकडे मान डोलावली.  चाचा उठले, धनुकली घेतली आणि एकटेच कापूस पिंजत बसले. अख्ख्या गावात आता एकच माणूस नाक्याविरुद्ध आहे आणि तो एकच बरोबर होता. त्या आवाजाने मला जेवण जात नाही, मामू.

मामीजानला सलाम.

आपला आज्ञाधारक,
इस्माईल

ता. क. – नाका राहावा म्हणून मंडळाचा अर्ज घेऊन चांगदेवराव येत्या सोमवारी आपल्या कचेरीत येतील. तो आपल्याच टेबलावर येणार. हात जोडून विनंती, तो कुठेतरी हरवावा. चाचांना हे सांगितलेले नाही. कळले तर म्हणतील, अर्ज उघड फेटाळायचा असतो, हरवायचा नसतो.

ता. क. – मात्र एकदम हरवू नये. सयाजीच्या रानाला लागून मी एक तुकडा खंडाने कसायला घेतला आहे आणि बहिरू धनगराची मेंढरे तिथे महिनाअखेरीस बसायची आहेत. तोवर थोडा थोडा हरवावा.