वृक्षासनाचे तीन शनिवार

रेडमंड, ५ ऑक्टोबर

चिरंजीव लहू यास थोरल्या भावाचा सप्रेम जय भीम व आशीर्वाद.

टेक्सासात अर्विंगला लेकीकडे, मोनालीकडे, तुझे बस्तान नीट बसले असेल व तेथील ऊन तुला मानवले असेल, असे मी धरून चालतो. येथे आम्ही उभयता कुशल आहोत. (तुझी वहिनी अधिक, तिला उभे राहावे लागत नाही.)

सूनबाई उपासना तैलचित्रे काढते, हे तू जाणतोसच. सध्या ती ग्रंथालयातील प्रदर्शनासाठी योगासने रंगवीत आहे. वृक्षासनाचे रेखाटन पाहून, तळपाय गुडघ्यावर नव्हे, मांडीच्या आतील बाजूस टेकवावा, हे मी निदर्शनास आणले. त्यावर ती म्हणाली, "मग बाबा, तुम्हीच पोझ द्या ना. शाळेत इतकी वर्षं शिकवलंत की." हे खरे आहे. मराठीबरोबर कवायतीचा तासही माझ्याकडे असे. (शिकविणाऱ्याने खुर्चीत बसून शिट्टी वाजवायची असते, हा तपशील तिने विचारला नाही.)

तैलरंगास घाई चालत नाही. एक थर वाळण्यास आठवडा लागतो, मग त्यावर दुसरा. म्हणून दर शनिवारी मला त्याच जागी, त्याच आसनात उभे राहावे लागते. पहिल्या शनिवारी, पुस्तकांच्या कपाटाचा किंचित आधार घेऊन, मी तळपाय मांडीपर्यंत नेला. दुसऱ्या शनिवारी तो पोटरीशी थांबला. तिसऱ्या शनिवारी घोट्याशी. उपासना सत्यनिष्ठ आहे. जे दिसते तेच रंगविते, आणि आधीचे खरवडून काढते. "बाबा, फूट थोडा अप घेता येईल का?" एवढेच म्हणते. (वाक्य सदोष आहे, विनंती त्याहून.) काल नात अनिकाने चित्र निरखून, "आजोबा, आर यू वेटिंग फॉर द बस?" असे सहानुभूतीने विचारले.

मी हेही सोसले असते. परंतु उद्घाटनास माझा जुना विद्यार्थी प्रितम सहकुटुंब येणार आहे. याच आसनात डगमगल्याबद्दल मी त्याला साऱ्या शाळेसमोर पुन्हा उभे केले होते. तो आता येथे संगणक अभियंता आहे. "सरांचं पेंटिंग आधी बघणार," असे त्याने फोनवर दोनदा सांगितले. स्वरात आदर होता. उत्सुकता अधिक होती.

असो. मोनालीस आशीर्वाद सांगावेत. प्रकृतीस जपावे, विशेषतः पायांस.

तुझा दादा,
सुखदेव

ता. क. तू रोज सकाळी आसने करतोस, त्यांस मी आजवर माकडचेष्टा म्हणत आलो. तो शब्द मागे घेतो. वृक्षासनातील तुझा कमरेखालचा फोटो त्वरित पाठव. पायजमा राखाडी असावा. वरचा भाग माझाच राहील.

पुन्हा ता. क. उपासना फोटोवरून रंगवीत नाही, असे आताच कळले. तरी येत्या शनिवारपूर्वी तूच निघून ये. मोनालीने कारण विचारल्यास, भावाची ओढ, असे सांगावे.