मधला तुकडा

४ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

फोनवर बोललो की आपलं भांडण होतं आणि मुद्दा राहून जातो, म्हणून हे पत्र. भावोजींना जाऊन वर्ष उलटलं. आपल्या हेरपटांचे नऊही भाग त्यांनीच केले. दहाव्याचं घोडं आता दिग्दर्शकापाशी अडलंय. कथा तयार, नट तयार, आणि ऑफिसातले सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसलेत. रोज कुणीतरी नवं नाव सुचवतं, मी बघू म्हणतो. आता मी तोंड उघडायच्या आधीच आमची टायपिस्ट बघू म्हणून मोकळी होते.

गाळून गाळून तीन नावं उरलीत. एक तो बक्षीसवाला, ज्याचे सिनेमे सगळे वाखाणतात आणि थोडेच बघतात. दुसरा धडाकेवाला, त्याच्या प्रत्येक सिनेमात निदान एक पूल कोसळतो. तिसरी तुझी लेक. चिमणी चार भागांत भावोजींची सहायक होती, आणि शेवटच्या भागात ते अंथरुणावर असताना अर्धं शूटिंग तिनंच निभावलं. नाव तिनं स्वतःहून दिलंय, मी बोलावलं नव्हतं. हे काम तिला मनापासून हवंय. मामानं झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, आणि मामानंच डावललं असंही नको.

म्हणून अण्णांचीच रीत. आपला हेर एका खोलीत शिरतो, कुणाची तरी वाट बघतो, ते माणूस येत नाही, तो निघून जातो. एक खोली, एक खुर्ची, संवाद नाहीत, शूटिंगला एकच दिवस. तिघांचे तीन तुकडे नावं न लावता तुझ्याकडे येतील. आवाज बंद ठेवून बघायचे आणि कुणाचा कुठला ते न विचारता एक निवडायचा. अण्णांनी भावोजींनाही असंच निवडलं होतं, तेव्हा ते तुझे कुणी नव्हते. अण्णांनी कंपनी आपल्या दोघा मुलांच्या नावावर ठेवलीय. तुझा होकार नसेल तर मी सही करणार नाही.

लोभ आहेच, भांडणानं तो कमी होत नाही.

तुझा
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे. रक्तदाबाच्या गोळ्या घेतोस की तिथेही बघू?

तुकडे पाठव. नऊ भागांचं संकलन माझ्या हातून झालंय, त्यामुळे नावं लपवून फार उपयोग होईल असं समजू नकोस. पण बघेन, अण्णांच्या रीतीनंच बघेन.

चिमणीचं नाव वाचून काय वाटलं ते लिहिते. तुझ्या भावोजींना ही मालिका घरीही सोडायची नाही. जेवताना समोर असायचे, पण ताटात बघत कुठला तरी जिना आणि कुठला तरी पाठलाग मनात चालू असायचा. चिमणीच्या शाळेच्या शिपायाला तिचे बाबा कोण हे ठाऊक नव्हतं. एकदा ते तिला आणायला गेले तर त्यानं फाटकातच अडवलं. हे सगळं आठवलं. असो. तिला घे असं मी म्हणणार नाही, आणि घेऊ नको असंही म्हणणार नाही.

आहे तसाच लोभ ठेव, आणि गोळ्या घे.

आक्का

२८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

तिन्ही तुकडे बघितले, आवाज बंद ठेवून.

पहिला देखणा आहे. भिंतीवरचा उजेड असा सरकतो की बघत राहावं. हेर मात्र दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा दिसतो. ते सुधारता येईल.

शेवटच्यात त्यानं आल्या आल्या खुर्चीला लाथ मारली आणि पिस्तूल काढलं. खोलीत दुसरं कुणी नाही, मग ते कुणासाठी? हा बाद.

मधल्यात तो येतो, बसतो, उठतो, दार दिसेल अशी खुर्ची सरकवतो आणि पुन्हा बसतो. इथवर ठीक. पण तो निघून गेल्यावरही कॅमेरा रिकाम्या खोलीवर रेंगाळतो. हा नवशिकेपणा आहे. हेरपटात अशी ढिलाई खपत नाही, प्रेक्षक चुळबुळ करायला लागतो. हाही बाद.

तेव्हा पहिला. माझा होकार समज.

बाकी सगळं ठीक. जिन्यातला दिवा पुन्हा गेलाय आणि घरमालक ढिम्म हलत नाही. लोभाची आठवण असू दे.

आक्का

२ एप्रिल

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

पहिला तुकडा बक्षीसवाल्याचा. मधला चिमणीचा होता.

खरं सांगू? माझं मन मधल्यावरच बसलं होतं. पण तुझ्या नजरेपुढे माझी काय मात्रा चालणार, म्हणून गप्प बसलो. काल ती ऑफिसात आली. मी नाही म्हणून सांगितलं. तिनं कारण विचारलं, आणि माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, मी तुझं पत्रच तिच्या हातात दिलं. वाटलं, आईच्या शब्दांत वाचलं तर कमी लागेल. तिनं उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून परत दिलं, उरलेला चहा संपवला आणि गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

बक्षीसवाल्याला अजून कळवलेलं नाही. पुढच्या आठवड्यात बोलावतो. तुझ्या लेकीला एक ओळ लिही, एवढी विनंती.

रागावू नकोस, लोभ करच.

तुझा
धाकटा

६ एप्रिल

ती. आईस,
सा. न.

तू बरी असशील. मीही बरी आहे.

तू माझा तुकडा ओळखला होतास. बाबा माणूस दाराबाहेर पडला की शॉट तोडा म्हणायचे, आणि तू त्यांच्याशी हमरीतुमरीवर यायचीस, की तो गेला हे त्या खोलीला कळेपर्यंत थांबायला हवं. नऊही भागांत तू थांबली आहेस. तुझ्या टेबलाशी बसून मी तेवढंच तर शिकले. आणि तेच मी केलं तर तू त्याला ढिलाई म्हणतेस, नवशिकेपणा म्हणतेस. तुझ्याकडून चुकून एवढं चुकणार नाही.

तुला विचारलं होतं कुठला तुकडा चांगला. माझं भलं कशात आहे हे कुणी विचारलं नव्हतं. माझं काम वाईट असेल तर वाईट म्हण, मी ऐकून घेईन, आजवर घेतलंच आहे. पण चांगल्याला वाईट म्हणू नकोस. ते तुला जमत नाही, लगेच दिसतं.

मला राग आलाय. तो लपवून गोड लिहिता येत नाही. तरी तुझीच,

चिमणी

११ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. आ.

ओळखला होता. खुर्ची सरकवली तेव्हाच. बाबांची वाट बघताना तूही अशीच दार दिसेल अशी बसायचीस.

मला भीती वाटली. तुझे बाबा घरात असून नसायचे, आणि आता तूही तशीच होशील असं मनानं घेतलं. मला तू हवी आहेस. अधूनमधून दारात उभी राहणारी, भूक लागली म्हणून आरडाओरडा करणारी. हे कारण खरं आहे, पण ते तुकड्यावर शेरा मारायचं कारण नव्हे. मी तुझ्या कामाला खोटं नाव ठेवलं. तुझा राग रास्त आहे.

आज तिन्ही पुन्हा बघितले, तुझी आई न होता. फार जड गेलं. पहिल्यात दिग्दर्शक दिसतो, शेवटच्यात पिस्तूल दिसतं, मधल्यात आपला हेर दिसतो. आणि तो निघून गेला की वाटतं, हा परत यावा. मालिका चालते ती एवढ्यावरच. माझं मत मधल्याला. मामाला तसं आजच लिहिलंय.

मनापासून आशीर्वाद. राग ओसरला की लोभ कर, घाई नाही.

आई

२० एप्रिल

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं मत मिळालं आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. चिमणीला बोलावून काम दिलं. ती हसली, मग लगेच एक अट घातली. सही तिथेच थांबलीय.

अट अशी, की सिनेमा पुरा होऊन थिएटरात लागेपर्यंत घरच्या कुणीही त्यातला एकही तुकडा बघायचा नाही. संकलक बाहेरचा आणणार. मी म्हटलं, अगं, आक्कानं नऊ भाग केलेत. ती म्हणाली, म्हणूनच. मी म्हटलं, निदान मी तरी निर्माता आहे. त्यावर ती म्हणाली, की आईचं पत्र मला वाचायला देणारा निर्माता तर अजिबात नको. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

धाकदपटशा केला तर अट मागे घेईलही, आधार तुझा हवा. काय करू?

तुझ्या लोभावर विसंबलेला,

धाकटा

२५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

अट वाचून फार वाईट वाटलं. चष्मा काढून ठेवला. नऊ भागांनंतर मला माझ्याच लेकीनं दाराबाहेर उभं केलं.

मग पुन्हा वाचली. तुझे भावोजी माझ्याशी वाद घालायचे, पण ठाम नाही कधी म्हणाले नाहीत. शेवटी हो म्हणायचे, स्वतःला हवं तेच शूट करून आणायचे आणि मी ते कापून टाकायचे. या सिनेमांत सगळ्यांनी बोटं घातली. आधी अण्णांनी, मग तू, मी, हेराच्या कोटाचा रंग ठरवणाऱ्या नटाच्या बायकोनंसुद्धा. आपल्या सगळ्यांना हात बांधून बाहेर बसवील असं कुणी आजवर मिळालं नव्हतं. दिग्दर्शक शोधत होतास ना? हीच ती. अट मान्य कर आणि सही कर. धाकदपटशाचं मनातही आणू नकोस.

मला पास पाठवू नकोस, गाडीही नको. सिनेमा लागला की मी तिकीट काढून मागच्या रांगेत बसेन. कुठल्या खेळाला ते मात्र तिला कळू देऊ नकोस. कळलं तर ती पडदा सोडून माझं तोंड बघत बसेल.

लोभ दोघांवर आहे, या खेपेला तिच्यावर थोडा जास्त.

आक्का