मांड्यांखाली दाबलेले हात

मंगळवार, संध्याकाळ. राहू गाव.

डॉक्टर म्हणाले, मुलगी शांत आहे, लक्षाचा काही त्रास दिसत नाही. मग मला बरं का वाटत नाहीये?

श्रेयाचं लक्ष टिकत नाही, अर्ध्या धड्यातून उठते, एकदा दाखवून घ्या, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. म्हणून आज तिला पुण्याला नेलं. डॉक्टरांसमोर ती जागची हलली नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. घरी हीच पोरगी एका जेवणात चार वेळा उठते.

घरात पाय ठेवला तर सासरे म्हणाले, "काय न्हाई तिला. मी कवाचं सांगतोय."

पण जाताना एसटीत बसल्यापासून मीच तिला बजावत होते, की नीट बस, हलू नको, नाहीतर डॉक्टर म्हणतील आईनं वळण लावलं नाही. पाहुण्यांकडे जाताना बजावते तसंच. ज्यासाठी नेलं, ती चुळबुळच तिला घरी ठेवून यायला लावली. वर डॉक्टरांनी विचारलं, घरी कशी असते? तर मी म्हटलं, तशी शहाणी आहे. का म्हटलं असं?

ते हात डोळ्यांसमोरून जात नाहीत. बाहेर आलो तेव्हा बोटांवर खुर्चीच्या जाळीचे वळ होते.

उद्या फोन करून डॉक्टरांना खरं सांगायचं, हे ठरलं. पण श्रेया मघापासून तिसऱ्यांदा येऊन विचारतेय, "आई, मी नीट बसले व्हते ना?"

हिला काय सांगू? नीट बसलीस, तिथंच चुकलं?