न उसवता पाठवा

लंडन

ती. नानांना छायाचा नमस्कार,

थंडी आहे, पण जेवणखाण ठीक चाललंय. विणकामाच्या एम.ए.च्या आधीच्या तयारीच्या वर्गात मी येवल्याला आपल्या मागावर विणलेले पदर दाखवले. बाई म्हणाल्या, "छान. पण चुकलेलं कुठंय?" इथे प्रवेशाला चुकाही दाखवायच्या असतात. आपण तर गिऱ्हाइकाने बघायच्या आत उसवून टाकतो! शेवटी आईने लोणच्याच्या बरणीला गुंडाळून दिलेली माझी पहिली वाकडी पट्टी मी काढली. बाई त्यावरच तासभर बोलल्या.

आईचे गुडघे कसे आहेत?

तुमच्या डोळ्यांचं विचारलं की तुम्ही "बरे आहेत" म्हणता. एक करा, नाना. या महिन्यात विणलेली एखादी पट्टी काहीही न उसवता पाठवा. वर्गासाठी नको. मलाच बघायची आहे.

तुमची,
छाया