दंडाला बांधलेले इष्टलिंग

पुणे, रविवार

चि. उत्तरेश्वर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

गुडघे वगळता मी उत्तम आहे. आई स्वेटर घालते ना?

माफीपत्राचा तुझा मसुदा मिळाला. भाषा सुरेख आहे. सही मात्र करणार नाही.

प्रियदर्शनी आमच्या जोखमीच्या गरोदरपणाच्या वॉर्डात आली, तेव्हा तिचा रक्तदाब इतका चढला होता की सिझेरियन लांबवणे दोन्ही जिवांवर बेतले असते. तिच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंगायतांचे इष्टलिंग होते; ते काढल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही, असे डॉक्टरांनी बजावले. ती म्हणाली, "चांदी घ्या ताई, इष्टलिंग न्हाई."

नियम धातूला मनाई करतो, श्रद्धेला नव्हे. चांदीची डबी मी तिच्या नवऱ्याकडे दिली आणि आतले लिंग निर्जंतुक कापडात गुंडाळून तिच्या दंडाला बांधले.

"सिस्टर, हे देऊळ नाही," डॉक्टर म्हणाले.

"म्हणूनच मी नियम सांगते आहे."

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

डॉक्टरांच्या तक्रारीवरून उद्या माझी चौकशी आहे. निवृत्तीच्या तोंडावर वॉर्ड सुटेल, ही तुझी भीती मलाही आहे. तथापि मी माफी मागितली, तर पुढच्या बाईच्या गळ्याला हात घालण्याची परवानगी माझ्याच सहीने मिळेल.

मसुदा परत पाठवते. मागची बाजू कोरी आहे. आईच्या औषधांच्या वेळा त्यावर लिही.

तुझी,
दुर्गाताई